प्रेस विभागातला आवाज कमी करणे: प्रकल्प नोंदी

३ जून

विभागात तीन पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन, चार हँड ग्राइंडरचे टेबल, कोपऱ्यात कॉम्प्रेसर आणि टोकाला पॅकिंग. सगळे एकाच शेडमध्ये. वर पत्रा, खाली काँक्रीट. आवाज पिऊन टाकणारे काहीच नाही. आज यंत्राशिवाय फेरी मारली. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना जिथे आवाज चढवावा लागतो तिथे पातळी साधारण ८५ डेसिबलच्या वर असते, म्हणून अशा सगळ्या जागा खडूने आखल्या. पॅकिंगचे टेबल सोडून जवळजवळ सगळा विभाग आखला गेला.

कामाचा क्रम ठरला: आधी मोजणी, मग आवाजाच्या उगमावर काम, आणि त्यातून जे उरेल त्यासाठी इअरप्लग (कानात घालायचे) आणि इअरमफ (कानावर बसणारे). इअरप्लगची पेटी आधीपासून दारात टांगलेली आहे. ती वापरली जाते की नाही ते उलटून पाहिले नाही, वरच्या थराची धूळ पुरेशी बोलकी होती.

४ जून

जागांची मोजणी. क्लास २ चा साउंड लेव्हल मीटर, ए-भार (माणसाच्या कानासारखे ऐकणारी मोजणी), स्लो प्रतिसाद (क्षणाक्षणाचे चढउतार सपाट करणारा). सुरुवातीला आणि शेवटी ९४ डेसिबल, १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेटरवर तपासला. दोन्ही वेळच्या वाचनांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर मधली सगळी वाचने रद्द करायची, हे आधीच ठरवले होते. फरक ०.१ आला.

कामगाराच्या कानाशी मिळालेले आकडे (ए-भारित): प्रेस चालू असताना ९२, हवेची गन (डायवरचा पीस उडवायची) मारताना १०२, ग्राइंडिंग ९८, कॉम्प्रेसरचा कोपरा ८९, पॅकिंग ८२. प्रेसचा ठोका स्लो प्रतिसादात सपाट होऊन जातो, म्हणून शिखर पातळी सी-भारावर (खालचे स्वर फारसे न कापणारी मोजणी) वेगळी घेतली: १२६. आघाती आवाजासाठी बऱ्याच नियमांत १४० ही कमाल मर्यादा धरतात. तिथून आपण दूर आहोत, पण त्यामुळे ९२ चे ओझे काही हलके होत नाही.

६ जून

अंगावरचा डोसिमीटर (दिवसभर कानाशी पोहोचलेला आवाज साठवणारा मीटर), प्रेस क्र. १ च्या ऑपरेटरला, पूर्ण शिफ्ट. माइक खांद्यावर, कानाच्या छिद्रापासून किमान १० सें.मी. दूर आणि खांद्याच्या सुमारे ४ सें.मी. वर. हवेची गन उजव्या हातात असते म्हणून उजवा खांदा. सोबत एका माणसाने वेळेची डायरी ठेवली: किती वाजता काय चालू, काय बंद. ही डायरी नसेल तर डोसिमीटरचा आकडा नुसता आकडाच राहतो, कुठे हात घालायचा ते कळत नाही.

दुपारी १२:४० ला १४१ ची शिखर नोंद दिसली. त्या वेळी प्रेस बंद होता. जेवायला जाताना माइक लॉकरच्या दाराला आपटला होता. ती नोंद वगळली.

डायरीवरून शिफ्टचे तुकडे असे: प्रेस ५ तास (९२), हवेची गन सगळी मिळून ४० मिनिटे (१०२), बाकी २ तास २० मिनिटे (८२).

७ जून

डोसचा, म्हणजे दिवसभरात कानाला मिळालेल्या आवाजाच्या मात्रेचा हिशेब. ८ तासांना ८५ डेसिबल म्हणजे १०० टक्के, आणि दर ३ डेसिबलला परवानगीची वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटे.

प्रेस: ९२ ला १.५९ तास चालतात, झाले ५ तास, ३१५ टक्के.
हवेची गन: १०२ ला साधारण साडेनऊ मिनिटे चालतात, झाली ४०, ४२३ टक्के.
बाकी वेळ: १५ टक्के.

एकूण ७५३ टक्के, म्हणजे आठ तासांची सरासरी सुमारे ९३.७ डेसिबल. विभागात सगळ्यांच्या तोंडी प्रेसचे नाव होते. प्रत्यक्षात ४० मिनिटांची हवा पाच तासांच्या प्रेसला भारी पडली आहे. डोसचा निम्म्याहून जास्त वाटा हवेच्या गनच्या तांब्याच्या एका नळीचा.

हाच दिवस ९० डेसिबल आणि दर ५ डेसिबलला निम्मी वेळ या जुन्या पद्धतीने मोजला, ८२ चा वेळ सोडून दिला, तर डोस १२६ टक्के येतो, आणि त्यात हवेचा वाटा जेमतेम एक तृतीयांश. दिवस तोच, कानही तेच, पण कामाची प्राधान्ये उलटीपालटी होतात. कायद्याने कुठली पद्धत बंधनकारक आहे ते प्रत्येक ठिकाणी पाहावेच लागेल. सुधारणा कुठून सुरू करायची हे ठरवायला मात्र ३ डेसिबलचीच पद्धत वापरायची. ध्वनीची ऊर्जा ३ डेसिबलला दुप्पट होते, ५ ला नाही.

१० जून

हवेची गन. सध्याची स्थिती: ६ मि.मी. ची तांब्याची नळी, तोंड करवतीने कापलेले, लाइनचा दाब ६ बार. कापलेल्या कडेला बर (धातूची खरखरीत धार) आलेली.

मुक्त झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढतो, हे ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये मांडले. वेग निम्मा झाला तर आवाज २४ डेसिबलने उतरतो. पण ६ बारला नळीच्या तोंडाशी हवा आधीच ध्वनीच्या वेगाला टेकलेली असते, त्यामुळे हा नियम इथे जसाच्या तसा लावता येत नाही. इथे खरा फायदा दोन गोष्टींतून मिळतो: एका मोठ्या छिद्राऐवजी अनेक बारीक छिद्रे, म्हणजे झोत आजूबाजूच्या हवेत लवकर मिसळतो, आणि दाब कमी करणे.

दाब कमी करू म्हटले की पहिली हरकत येते, "मग पीस उडणार नाही." वादात न पडता तराजू आणला. ताटात ३० सें.मी. वरून झोत सोडायचा आणि ग्रॅममध्ये जोर वाचायचा. जुनी नळी ६ बारला आणि नवा बहुछिद्री नोझल ४ बारला, दोन्हींचा जोर जवळपास सारखा आला. दाब वाचायचा तो हवा चालू असताना, गनच्या अलीकडे टी-जोड लावून. रेग्युलेटरवरचा बंद-हवेचा आकडा फसवतो. लांब आणि बारीक होजमध्ये एक-दीड बार सहज गळतो.

नोझल निवडताना तोंड बोटाने झाकून पाहिले: बाजूच्या खाचांतून हवा निसटायला हवी. तशी वाट नसेल तर कातडीला चिकटलेला झोत रक्तात हवा घुसवू शकतो.

१२ जून

तिन्ही प्रेसवर नवे नोझल, ४ बार. कानाशी ९४ आले, अपेक्षा ९१–९२ ची होती. कारण सापडले: झोत डायच्या धारदार कडेवर तिरका आदळून शिट्टी वाजत होती. नोझल १५ सें.मी. वरून ६ सें.मी. वर आणला, कोन बदलून झोत कडेऐवजी पिसाच्या सपाट भागावर घेतला. आता ९१. जवळून मारल्यामुळे दाब ३.५ बारवर आणूनही पीस उडतो.

रेग्युलेटरला कुलूप लावले. नोझलच्या आट्यांवर थ्रेड लॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव). तरी कोणीतरी नोझल काढून पुन्हा नळी लावेल, म्हणून जुन्या नळ्या विभागातून उचलून नेल्या.

१८ जून

प्रेसच्या वायवीय (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लच-ब्रेकचा एक्झॉस्ट. प्रत्येक ठोक्यानंतर "फस्स" असा आवाज येतो, ९२ मध्ये त्याचा वाटा मोठा. क्र. ३ वर देखभालवाल्यांनी हाती असलेला सिंटर्ड ब्राँझचा (ब्राँझच्या भुकटीचा, बारीक छिद्रांचा) सायलेन्सर लावला. आवाज एकदम पडला, सगळे खूश.

हा प्रयोग त्याच दुपारी थांबवला. अशा प्रेसमध्ये हवा बाहेर गेल्यावरच स्प्रिंग ब्रेक लावते. एक्झॉस्टला अडथळा आला की ब्रेक उशिरा लागतो. थांबण्याचा वेळ मोजला: आधी १५० मिलिसेकंद, सायलेन्सरसह १९०. लाइट कर्टनचे (हात आत गेला की प्रेस थांबवणाऱ्या प्रकाशकिरणांच्या पडद्याचे) अंतर काढताना हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात, म्हणजे ४० मिलिसेकंदांचे ८० मि.मी. झाले. पडदा होता तिथेच आहे आणि हात ८० मि.मी. आणखी आत पोहोचू शकतो. हे नव्या सायलेन्सरचे. लाइनमधले तेल आणि घाण त्याच्या छिद्रांत बसली की वेळ आणखी वाढत जाईल, आणि आवाज कमीच राहिल्याने कोणाच्या लक्षातही येणार नाही.

कान वाचवायला बोटे द्यायची नाहीत. प्रेस बनवणाऱ्याने त्या व्हॉल्व्हसाठी मान्य केलेला, मोठ्या प्रवाहाचा, न तुंबणारा सायलेन्सर मागवला. बसवण्याआधी आणि नंतर थांबण्याचा वेळ मोजून रजिस्टरमध्ये लिहायचा, नंतर दर महिन्याला.

२५ जून

मोठे सायलेन्सर बसले. थांबण्याचा वेळ तिन्ही प्रेसवर १५० ते १५२, म्हणजे फरक नाही म्हणावा इतका.

२७ जून

पीस घसरत खाली येतो ती च्यूट आणि त्याखालचा लोखंडी बिन. च्यूट १.५ मि.मी. पत्र्याची, मोठ्या घंटेसारखी वाजते. आतून रबर लावावे असे सगळ्यांना आधी सुचते, पण पिसाच्या धारेने ते दोन आठवड्यांत सोलून निघते. त्यापेक्षा बाहेरून सँडविच: २ मि.मी. चा डॅम्पिंग थर, त्यावर १ मि.मी. पत्रा चिकटवलेला. च्यूट वाकते तेव्हा मधला थर दोन पत्र्यांमध्ये कातरला जातो आणि कंपनाची ऊर्जा तिथेच उष्णतेत जिरते. वरचा पत्रा नसेल तर तोच थर निम्मेही काम करत नाही.

सगळा पृष्ठभाग झाकायची गरज नाही. कडा आणि बोल्टच्या जागा सोडून मधला साधारण दोन तृतीयांश भाग पुरतो. ही युक्ती फक्त पातळ पत्र्यावर चालते. प्रेसच्या ओतीव फ्रेमवर असे थर चिकटवून काही होत नाही.

बिन लाकडी चौकटीवर उचलला. पडण्याची उंची ६० सें.मी. वरून २० वर. आदळण्याची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात असते, उंची तिसऱ्या हिश्श्यावर आली म्हणजे हिशेबाने जवळपास ५ डेसिबल. अट एकच, बिन वेळेवर बदलायचा. भरून वाहिला तर पीस च्यूटमध्ये अडकतात.

१ जुलै

क्र. २ च्या च्यूटवरचा थर एका कोपऱ्यातून सुटला. खाली तेलाचा पुसट थर राहिला होता. पूर्ण काढला, पॉलिश पेपर, सॉल्व्हंटने दोनदा पुसले, वाळू दिले, पुन्हा चिकटवले, रात्रभर क्लॅम्पमध्ये. बाकी दोन च्यूटच्या कडा नखाने उचकटून पाहिल्या, पक्क्या आहेत.

३ जुलै

कॉम्प्रेसर. पेटी बांधायची की हलवायचा? पेटीत १ टक्का जागा उघडी राहिली तर भिंती कितीही जाड असोत, २० डेसिबलच्या वर फायदा मिळत नाही. १० टक्के उघडी राहिली तर १० च्या वर नाही. आणि कॉम्प्रेसरला थंड हवा लागतेच, म्हणजे शोषक अस्तराचे दोन डक्ट आले. त्यापेक्षा शेडच्या मागच्या खोलीत हलवणे सोपे. हलवला. खाली रबरी माउंट: मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, म्हणजे २४ हर्ट्झ, माउंटची स्वतःची वारंवारता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, ८ हर्ट्झ धरली, त्यासाठी वजनाखाली सुमारे ४ मि.मी. दबायला हवे. तेवढे दबते. एअर पाइपला लवचीक तुकडा लावला, नाहीतर माउंटची मेहनत पाइपातून भिंतीत जाते.

८ जुलै

ग्राइंडिंग. इथे फार हाती लागत नाही, हे मान्य. ग्राइंडिंग व्हीलऐवजी फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) जिथे चालते तिथे दिली. पत्रा टेबलावर सैल ठेवून घासला की थाळीसारखा वाजतो, म्हणून जाड रबरी मॅटवर क्लॅम्प करून घासायचा. दोन्ही मिळून ९८ चे ९३. वेल्ड जाड असेल तिथे व्हीलच लागते, तिथे ९७–९८ कायम.

छतातून शोषक पॅनेल लटकवण्याचा प्रस्ताव आला होता. त्याने शेजारच्या टेबलाला आणि पॅकिंगला २–३ डेसिबलचा आराम मिळेल. ग्राइंडरच्या स्वतःच्या कानाला जवळजवळ शून्य, कारण आवाज त्याच्या हातापासून थेट कानात येतो, छताला भेटून नाही. पॅनेल नंतर.

१४ जुलै

आता उरलेल्याची सोय. डब्यावरचे आकडे जसेच्या तसे वजा करायचे नसतात. आपल्याकडे दोन माल: फोमचे प्लग (लेबलवर एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो तो आकडा, ३३) आणि मफ (एनआरआर २५). अमेरिकेच्या नायोश संस्थेची सूट लावली, मफला २५ टक्के आणि फोमच्या प्लगला ५० टक्के कपात, वर ए-भारित मोजणीसाठी ७ वजा:

मफ: २५ चे १८.७५, वजा ७, साधारण १२.
प्लग: ३३ चे १६.५, वजा ७, साधारण साडेनऊ.

लेबलवर मागे असलेला मफ हिशेबात पुढे गेला. कारण सरळ आहे, मफ चुकीचा घालणे अवघड आणि फोम चुकीचा घालणे सोपे. ही सूट गटासाठीचा अंदाज आहे. नीट बसलेला तोच फोम पंचवीसही देतो, नीट न बसलेला पाच. म्हणून प्रत्येकाची बैठक वैयक्तिक फिट-टेस्टने तपासायची.

"जास्त आकड्याचा घ्या, सुरक्षित" हे खरे नाही. कानात उरणारा आवाज ७० ते ८० च्या दरम्यान असावा. ७० च्या खाली गेला की फोर्कलिफ्टचा हॉर्न, डाय सैल झाल्याचा आवाज, हाक, काहीच पोहोचत नाही, आणि माणूस ऐकायला म्हणून प्लग काढतो.

१५ जुलै

कानातले प्लग मध्येच काढण्याचा हिशेब भिंतीवर लावला. संरक्षण पूर्ण ३० डेसिबलचे आहे असे धरू. आठ तासांत ५ मिनिटे काढले तर दिवसभराचे खरे संरक्षण १९ च्या आसपास. ४८ मिनिटे काढले तर १०. प्लगची जात बदलण्यापेक्षा ती ४८ मिनिटे शोधणे जास्त फळते. डायरी पाहिली: काढणे बहुतेक सुपरवायझर बोलायला येतो तेव्हा. त्याला सांगितले, बोलायचे असेल तर ऑपरेटरला पॅकिंगच्या टोकाला न्या.

१६ ते १८ जुलै

फिट-टेस्ट आणि शिकवणी, प्रत्येकी वीस मिनिटे. फोमचा क्रम: हात धुतलेले, प्लग बोटांत गोल फिरवत बारीक, सुरकुती न पडता लांब काडीसारखा करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे वाकडी नळी सरळ होते, प्लग आत सरकवून बोटाने ३० सेकंद धरायचा. सोडण्याची घाई केली की फोम फुगताना बाहेर येतो. समोरून पाहिल्यावर प्लगचे टोक दिसत असेल तर तो बसलेला नाही. बसल्यावर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा लागतो, दोन्ही कानांत सारखाच.

ज्यांचे नापास झाले त्यातले बहुतेक पाळी ओढल्यावर पास झाले. काहींची नळीच अरुंद, त्यांना लहान मापाचा प्लग. मफमध्ये दोष निघाले ते जाड काड्यांचे चष्मे, मफखाली घातलेली टोपी आणि कडक झालेल्या उशा. चष्मेवाल्यांना प्लग दिले. उशा सहा महिन्यांनी बदलायच्या. बोटाने दाबून लगेच फुगत नसेल तर त्याआधीच.

जाड वेल्डच्या कामाला प्लगवर मफ. दोन्ही आकड्यांची बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यावर साधारण ५ डेसिबल धरायचे.

२२ जुलै

श्रवणचाचणी. ५००, १०००, २०००, ३०००, ४०००, ६००० आणि ८००० हर्ट्झ, दोन्ही कान वेगळे. आधी १४ तास मोठ्या आवाजापासून दूर, म्हणून पहिल्या शिफ्टच्या आधी, कामावर न जाता थेट चाचणीला. शिफ्टनंतर घेतली तर तात्पुरता बधिरपणा मूळ नोंदीत मिसळतो आणि पुढची खरी घट झाकली जाते.

आलेखात पाहायची खूण: ३ ते ६ किलोहर्ट्झमध्ये, बहुधा ४ वर खड्डा आणि ८ वर पुन्हा चढ. वयाच्या घटीत ८ वर चढ नसतो, उतार चालूच राहतो. २, ३ आणि ४ किलोहर्ट्झची सरासरी मूळ नोंदीपेक्षा १० डेसिबलने घसरली तर ३० दिवसांत पुन्हा चाचणी आणि त्या माणसाची फिट-टेस्ट लगेच. बोलणे समजते म्हणून कान चांगला असे धरायचे नाही. खड्डा पडल्यावर आधी "स", "श", "फ" अशी व्यंजने निसटतात आणि माणूस "लोक पुटपुटतात" अशी तक्रार करतो.

रंगकामाचे दोघेही यादीत घेतले. त्यांची पातळी ८४ च आहे, पण थिनरमध्ये टोल्युइन आहे, आणि ते स्वतःही कानाला बाधते, आवाजाबरोबर आणखी.

२९ जुलै

फेरमोजणी, तोच ऑपरेटर, तीच डायरी. प्रेस ८७, हवा ९१, बाकी ८२. डोस: ९९, ३३, १५. एकूण १४७ टक्के, म्हणजे आठ तासांना सुमारे ८६.७. ७५३ वरून इथे आलो, पण ८५ च्या खाली नाही. प्रेसवर कानाचे संरक्षण सक्तीचेच राहणार, मात्र ८–१० डेसिबलचे हलके पुरे. प्रेससाठी ३३ चे प्लग बंद, सपाट क्षीणनाचे (सगळे स्वर सारखेच कमी करणारे) हलके प्लग मागवले. बोलणे ऐकू येते म्हणून ते कानातच राहतात.

क्र. १ चा रेग्युलेटर ५ बारवर सापडला. कुलूप शाबूत होते, किल्ली त्याच्याच शेजारी खिळ्याला. किल्ली देखभालीच्या कपाटात हलवली.

४ ऑगस्ट

बाकी कामे: पॅकिंगच्या टोकाला पॅनेल, क्र. २ च्या पंचना टप्प्याने उंच-सखल करून ठोका विभागता येतो का ते डायवाल्यांनी पाहायचे (८७ मधला उरलेला भाग आता पत्रा फुटण्याचाच आहे). थांबण्याच्या वेळेची मासिक नोंद. नवा माणूस ग्राइंडिंगवर लागण्याआधी त्याची मूळ श्रवणचाचणी, नंतर नाही.